पावसाळ्यातली अ‍ॅक्शन : ३.५ वरून २.५५ मिमीपर्यंत

२ ऑगस्ट

जून संपेपर्यंत गिटार छान वाजत होती. आता एफ कॉर्डचा बार, म्हणजे एका बोटानं सहाही तारा दाबून, धरला की पहिल्या दोन तारा दबतच नाहीत आणि अर्ध्या तासात अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. हात कमजोर झाला असेल म्हणून आठवडाभर जास्त रियाज केला, दुखणं तेवढं वाढलं. आज शेवटी मोजायला बसले.

गिटार ड्रेडनॉट आकाराची, प्लायच्या टॉपची (वरच्या फळीची), सॅडलखाली, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्याखाली, पिएझो पिकअप (कंपनांची वीज करणारी पट्टी) असलेली. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ६४८ मिमी, तारा १२-५३ जाडीच्या. सुरात लावून बाराव्या फ्रेटवर स्टीलची पट्टी उभी धरली आणि अ‍ॅक्शन, म्हणजे तार फ्रेटपासून किती उंच आहे, ते मोजलं. सहावी, म्हणजे सर्वांत जाड, तार ३.५ मिमी, पहिली २.८. मला सहावी २.४ च्या आसपास आणि पहिली १.८ हवी आहे. खोलीतला आर्द्रतामापक ८४ टक्के दाखवतोय. रत्नागिरीचा ऑगस्ट आहे, कपाटातल्या कपड्यांनाही वास येतोय.

लगेच सॅडल काढून घासायचा मोह झाला होता. पण ब्रिजच्या, म्हणजे सॅडल बसवलेल्या लाकडी तुकड्याच्या, मागे टॉपवर पट्टी आडवी ठेवून पाहिलं, तर मधोमध टेकते आणि दोन्ही कडांना फट राहते. लाकडानं पाणी धरलंय, टॉप फुगलाय आणि त्यानं ब्रिज वर उचललाय. म्हणजे या साडेतीनातला काही भाग हवामानाचा आहे. तो सॅडलमधून कापून काढला, तर कोरड्या दिवसांत तारा फ्रेटवर लोळतील. आधी गिटार सुकवायची.

केसमध्ये सिलिका जेलच्या सहा पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवला. गिटार वाजवायची तेवढ्यापुरतीच बाहेर.

२४ ऑगस्ट

केसमध्ये आता ५८ टक्के. सहावी तार ३.२, पहिली २.५. काहीही न घासता ०.३ मिमी उतरले! ज्यांच्या गिटारी कोकणात किंवा मुंबईत राहतात त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, पावसाळ्यात मोजलेल्या आकड्यावर कानस चालवू नका.

आता ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या (गिटारीच्या मानेच्या) आतला धातूचा दांडा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), उजव्या हातानं चौदाव्यावर सहावी तार दाबली आणि सातव्या फ्रेटवर तारेखाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पाती) सरकवला. ०.४० मिमीची पात सहज गेली. मला ०.१५ ते ०.२० च्या मध्ये हवं होतं. तारा थोड्या सैल केल्या, साउंडहोलमधून अ‍ॅलन की घातली आणि घड्याळाच्या दिशेनं पाव वळण दिलं. सुरात लावली, रात्रभर ठेवली, सकाळी आणखी पाव. आता रिलीफ, म्हणजे ही फट, ०.१८. अ‍ॅक्शन ३.१ आणि २.४.

ट्रस रॉडनं अ‍ॅक्शन एवढीशीच बदलली, आणि ते ठीकच आहे. त्याचं काम नेकचा बाक सांभाळायचं. अ‍ॅक्शन खाली आणण्यासाठी रॉड पिळत राहिलं तर नेक उलटी वाकते आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर तारा खडखडतात. उरलेलं अंतर सॅडलमधूनच काढायचं.

३१ ऑगस्ट

हिशेब सोपा आहे. बारावा फ्रेट नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) आणि सॅडलच्या बरोबर मध्ये, ३२४ मिमीवर. म्हणून सॅडल १ मिमी उतरवलं की बाराव्यावर तार अर्धा मिमी उतरते. पहिली तार २.४ वरून १.८ वर आणायची तर १.२ मिमी काढायला हवं. ते एकाच वेळी काढायचं नाही, आज ०.८.

वरून घासायचं की खालून? खालच्या बाजूला पिकअप असतो, म्हणून आधी वाटलं वरून घासावं. पण सॅडलच्या माथ्याला फ्रेटबोर्डसारखी गोलाई दिलेली असते, आणि दुसऱ्या तारेचा टेकण्याचा बिंदू सुरासाठी मागे सरकवलेला असतो. ते सगळं परत घडवावं लागलं असतं. शिवाय माथा सपाट झाला की तार त्याच्या रुंदीवर घासत वाजते. आमच्या घरी आत्याचा मिरजेचा तंबोरा आहे. त्याच्या रुंद घोडीवर कारागीर मुद्दाम अशी जवारी काढतो की तार घोडीला स्पर्श करत झंकारत राहील, आणि दोरा सरकवत ती जागा आपण शोधतो. तो झंकार ऐकत मी लहानाची मोठी झाले. गिटारला मात्र तार एका नेमक्या रेषेवरून सुटलेली हवी. तेव्हा माथ्याला हात लावायचा नाही, खालूनच घासायचं.

बॅटरी काढली, तारा सैल केल्या, त्या ब्रिजमध्ये अडकवणाऱ्या पिना उपसल्या. सॅडलच्या जाड तारेकडच्या टोकाला पेन्सिलनं खूण केली, कारण उलटं बसलं तर सूरच बिघडतो. खाचेच्या तळाशी पिएझोची राखाडी, विणलेल्या नाडीसारखी पट्टी दिसते, ती जागची हलवली नाही. मग टेबलावर २२० चा पॉलिश पेपर पसरून, सॅडल चिमटीत धरून घासलं. कॅलिपरनं तीन ठिकाणी मोजत ०.८ काढलं.

तारा चढवल्या. सहावी २.७, पहिली २.०. एफ धरला आणि सहाही तारा स्वच्छ बोलल्या. जवळजवळ दोन महिन्यांनी.

१ सप्टेंबर

अ‍ॅम्पला जोडली आणि पहिली तार हरवलेली. हातात गिटार असताना ती नीट ऐकू येते, अ‍ॅम्पमधून मात्र कुणी पलीकडच्या खोलीत वाजवतंय असं वाटतं. प्रीअ‍ॅम्पचे सगळे खटके मधोमध ठेवून एकेक तार सारख्याच जोरानं छेडली आणि फोनवर रेकॉर्ड केली. पहिली तार बाकीच्यांपेक्षा साधारण ८ डेसिबलनं खाली, दुसरी ३ नं. बाकी चार सारख्या. कालपर्यंत हे असं नव्हतं, म्हणजे दोष माझ्या कालच्या कामातच असणार.

सॅडल पुन्हा काढलं. खाचेत भुसा अडकला असेल म्हणून मऊ ब्रशनं साफ केलं, काही निघालं नाही. मग सॅडलच्या तळाला स्टीलची पट्टी लावून खिडकीसमोर धरलं. पहिल्या तारेकडच्या टोकाला शेवटच्या बाराएक मिलिमीटरमध्ये उजेडाची एक बारीक पाचर दिसली. केसाएवढी. चिमटीत धरून पुढे-मागे घासताना माझं बोट त्या टोकावर दाबत होतं, आणि तळ तिथे गोल झाला होता.

पिएझो दाबावर चालतो. तारेची कंपनं सॅडलमधून खाली येऊन त्या पट्टीला दाबतात आणि त्या दाबातून वीज निर्माण होते. पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० मध्ये स्फटिकांचा हा गुण दाखवला, तोच इथे माझ्या ब्रिजच्या पोटात काम करतोय. जिथे सॅडल टेकतच नाही तिथे दाब नाही, आणि दाब नाही तर आवाज नाही. साध्या अकूस्टिकमध्ये हा केसाएवढा फरक कदाचित जाणवलाही नसता. पिकअपवाल्या गिटारीत मात्र सॅडलचा तळ उंचीही ठरवतो आणि सहा तारांचा समतोलही.

७ सप्टेंबर

आमच्या आळीतल्या सुतारकाकांकडे सॅडल घेऊन गेले. त्यांनी ते नखावर फिरवून पाहिलं.

“ताई, ही पट्टी हातात धरून घासलीत ना?”

“हो काका.”

“मग कड जाणारच. पेपर काचेवर लावायचा, पट्टी ठोकळ्याला टेकवायची. हातानं नुसतं ओढायचं, दाबायचं नाही.”

त्यांनी सागाचा एक तुकडा गुण्या लावून काटकोनात रंधून दिला. पैसे घेतले नाहीत, वाजवून दाखवायला या म्हणाले.

घरी खिडकीची जुनी जाड काच घेतली, तिच्यावर ४०० चा पेपर चिकटवला. सॅडलच्या तळावर पेन्सिलनं तिरप्या रेघा मारल्या. ठोकळ्याला टेकवून एकाच दिशेनं दोनदा ओढलं आणि उलटून पाहिलं : मधल्या रेघा गेल्या, पहिल्या तारेकडच्या टोकाला तशाच गडद. पुन्हा दोनदा. रेघा टोकाकडे सरकत विरत गेल्या. दर चार ओढींनी सॅडल उलटसुलट फिरवून धरत होते, म्हणजे हाताचा कल एकाच बाजूला साचत नाही. शेवटची रेघ पुसली तेव्हा आणखी ०.३ मिमी गेलं होतं, एकूण १.१. पट्टी लावून पुन्हा खिडकीत धरलं. कुठेच उजेड नाही.

सॅडल खाचेत बसवलं. बोटांनी दाबल्यावर जावं आणि डुगडुगू नये, इतपत बसायला हवं. तसंच बसलं. ब्रिजच्या वर अजून २.९ मिमी उंची आहे, म्हणजे तारा पिनांकडे उतरताना पुरेसा कोन मिळतो. हे मोजायला विसरू नका. सॅडल फारच बुटकं झालं की आवाज पडतो, आणि तिथून पुढे खरा इलाज नेकच्या कोनाचा असतो, तो घरी करायचा नव्हे.

अ‍ॅक्शन २.५५ आणि १.८५. अ‍ॅम्पवर सहाही तारा एका ओळीत. बाराव्या फ्रेटवर दाबलेली सहावी तार आधी ९ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढत होती, आता ४. तार कमी ताणावी लागते ना.

२१ सप्टेंबर

दोन आठवडे रोज तासभर वाजवली. दुखणं गेलं. अंगठा आता नेकच्या मागे नुसता टेकलेला असतो, आवळलेला नसतो.

आणखी ०.१ काढायचं बाकी होतं, ते मी मुद्दाम सोडलंय. थंडीत टॉप आणखी बसेल आणि तारा आपोआप उतरतील. तरीही फार उतरल्या तर तळाशी पट्ट्या घालणार नाही, त्यानं पिकअपकडे जाणारा आवाज दबतो असं माझ्या कानाला वाटतं. त्याऐवजी एक कोरं सॅडल आणून ठेवलंय. ते थोडं उंच घडवीन, कोरड्या दिवसांसाठी. आत्ताचं पावसाळ्याचं.

नट अजून राहिलाय. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली की पहिल्या फ्रेटवर कागद सरकेल एवढीच फट हवी, माझ्या तिसऱ्या आणि चौथ्या तारेखाली पोस्टकार्ड जातंय. कॅपो लावला की पहिल्याच फ्रेटपासून हात हलका होतो, तेही नट उंच असल्याचंच लक्षण. नटच्या खाचा जरा जास्त खोल गेल्या तर परत भरणं किचकट असतं, म्हणून योग्य जाडीच्या कानशी मिळाल्याशिवाय हात लावणार नाही. केसमध्ये आज ५५ टक्के. पुढची मोजणी जानेवारीत.