मध्यम जोखीम, आणि पुढे काय?

दीड वर्षाचा झाला तरी मुलगा हाक मारल्यावर वळून पाहत नसे, म्हणून मी मोबाइलवर एम-चॅट-आर ही स्वमग्नतेच्या प्राथमिक चाळणीची प्रश्नावली भरली. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठीचे हे 20 प्रश्न 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर भागतात. रखडपट्टी सुरू झाली ती निकाल हाती आल्यावर.

गुण आले चार, आणि खाली एकच वाक्य : 'मध्यम जोखीम, डॉक्टरांना भेटा.' या चाचणीत 0 ते 2 गुण म्हणजे कमी जोखीम आणि 8 किंवा अधिक गुण आले तर थेट तज्ज्ञांकडे जायचे असते. 3 ते 7 गुण आले, तर ज्या प्रश्नांवर गुण लागले त्यांच्याविषयी पालकांची सविस्तर मुलाखत घ्यायची आणि त्यानंतरही दोन किंवा अधिक मुद्दे उरले तरच मुलाला पुढे पाठवायचे, अशी रीत आहे. म्हणजे मुलाखत हा चाचणीचाच दुसरा टप्पा. आमच्या ॲपमध्ये तो नव्हता आणि दवाखान्यात तो कोणाच्या गावीही नव्हता. मोबाइलवरचा निकाल चालत नाही, असे सांगून स्वागतकक्षात तेच प्रश्न छापील कागदावर पुन्हा भरून घेतले गेले, तेच चार गुण आले आणि डॉक्टरांनी "मुलगे उशिराच बोलतात, पुढच्या लसीच्या वेळी बघू" म्हणून वाटेला लावले. मी बोलण्याची तक्रार घेऊन गेलेच नव्हते!

मुलाखत झाल्याशिवाय उठणार नाही, असे ठामपणे सांगितल्यावर कुठे एक परिचारिका समोर बसल्या. "हवी ती वस्तू उंचावर असेल तर तो काय करतो?" माझा हात धरून ओढत नेतो, असे मी सांगितले. "आणि 'दाखव बरं' म्हटले तर बोट दाखवतो?" नाही. हा मुद्दा कायम राहिला. घरातल्या आवाजांचा मात्र सुटला, कारण तो आवाजाकडे नुसते पाहतो, रडत नाही की कान झाकत नाही. चारपैकी तीन मुद्दे उरले आणि तज्ज्ञांकडे पाठवणारी चिठ्ठी मिळाली. एवढ्या संभाषणासाठी इतके ताटकळावे लागले, याचा राग अजून गेलेला नाही.

एम-चॅट-आर भरताना लक्षात ठेवावे की दुसऱ्या, पाचव्या आणि बाराव्या प्रश्नाला 'हो' हे उत्तर जोखमीचे धरतात, बाकी सगळीकडे 'नाही'. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेच्या माइलस्टोन ट्रॅकरसारखी ॲप विकासाच्या टप्प्यांची नोंद ठेवायला चांगली आहेत, पण ती चाळणी चाचणीची जागा घेत नाहीत. एएसक्यू-3 ही मुलाच्या एकूण विकासाची पालकांनी भरायची प्रश्नावली भरणार असाल आणि मूल अपेक्षित तारखेच्या तीन आठवडे किंवा त्याहून आधी जन्मलेले असेल, तर 24 महिन्यांपर्यंत दुरुस्त वय, म्हणजे अपेक्षित तारखेपासून मोजलेले वय, धरावे लागते. ॲप त्याविषयी विचारते का, हे आधी पाहून घ्या.

कानांची तपासणी चिठ्ठीची वाट न पाहता उरकून घ्या. हाकेला न वळणाऱ्या मुलाचा तो अहवाल विकासतज्ज्ञ आधी मागतात, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि तेवढ्यासाठी आमची तारीख पुन्हा पुढे गेली.