मागचं पिल्लू कशाला?

"आत एकशेनव्वद घोड्यांचं इंजिन आहे ना? मग मागे हे पिल्लू कशाला टांगलंय?" लोकांचं मांडव्याच्या जेट्टीवर विचारून झालं, लग्नाच्या पंगतीत विचारून झालं. दर वेळी "असू दे की" म्हणून सुटतो. आज तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो. पिल्लू म्हणजे माझ्या बोटीच्या मागे टांगलेलं छोटं जादा इंजिन.

बोट १९९१ची, पंचवीस फुटी, केबिनवाली. आधीचं पिल्लू सहा घोड्यांचं होतं, वीस इंची शाफ्टचं, म्हणजे पंखा पाण्यात नेणारा दांडा वीस इंची. स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं. पंचवीस इंची घे, असं दोघांनी बजावलं होतं. पाच इंचांनी काय बिघडतंय, असं मी म्हणालो होतो.

पौर्णिमेचा दुसरा दिवस, फेब्रुवारी. मी, बायको, मेहुणा आणि त्याची मुलगी खांदेरी बेटावर जाऊन परत निघालो होतो. साडेतीनच्या सुमारास तापमानाचा काटा चढला आणि भोंगा वाजला. मोठं इंजिन थंड ठेवणारं पाणी खेचणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर (पात्यांचं चाक) तुटला होता. नवा इम्पेलर घरी कपाटात होता, पुड्यासकट. (हो, वेळेवर बदलला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. माहीत आहे.)

मी पिल्लू खाली सोडलं, दोरी ओढली, तिसऱ्या झटक्याला चालू झालं. मेहुणा म्हणाला, "दाजी, मानलं तुम्हाला!" तो आनंद पाच मिनिटं टिकला. उधाणाची ओहोटी भर जोरात बाहेर निघालेली, वर वायव्येचा वारा. प्रत्येक लाटेला बोटीचं बूड, म्हणजे मागची बाजू, उचललं जायचं, पंखा पाण्याबाहेर यायचा आणि मोटार किंचाळायची. मी सगळ्यांना मागे बसवलं. एरवी बूड जड होऊ नये म्हणून "पुढे बसा, पुढे बसा" ओरडणारा मी! पंखा थोडा बुडाला, बोट थोडी सरकली. पाऊण तास झाला तरी मागचं खांदेरीचं दीपगृह आहे तेवढंच दिसत होतं. सहा घोडे आणि ओहोटी यांची बरोबरी सुटली होती. भाची कुणाशी न बोलता त्या दीपगृहाकडेच बघत बसली. आम्ही पुढे जात नाही आहोत, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

शेवटी हट्ट सोडला. ओहोटीशी भांडणं थांबवून आडवा आवास गावाच्या किनाऱ्याकडे सरकलो आणि सहा-सात मीटर पाण्यात नांगर टाकला. दोर चाळीस मीटर सोडला. सात वाजता पाणी फिरलं. मग त्याच पिल्लाने भरतीच्या जोरावर अंधारात घरी आणलं. म्हणजे पिल्लाने वाचवलं की भरतीने? मेहुणा म्हणतो भरतीने. मी अजून वाद घालतो.

पुढच्या पावसाळ्यात बोट वर काढली. पिल्लू टांगायच्या ब्रॅकेटचे बोल्ट सोडले तर भोकांतून काळपट, ओला भुसा आला. ट्रान्सम, म्हणजे बोटीची मागची भिंत, अशा जुन्या बोटींत बहुधा आतून प्लायवुडची असते. भोकं पाडून मी नुसतं सिलिकॉन थापलं होतं. तेव्हा घाई होती, असं आता म्हणतो. घाई नव्हती, कंटाळा होता. सडका भाग कापून नवा मरीन प्लाय घातला. भोकं आधी मोठी पाडून इपॉक्सीने भरली, मग त्यातून बोल्टची भोकं पाडली आणि आतून जाड पट्टी लावली. पिल्लाच्या किमतीपेक्षा दुरुस्तीचा खर्च जास्त आला. घरी हा आकडा सांगितलेला नाही.

आताचं पिल्लू ९.९ घोड्यांचं, पंचवीस इंची. त्याची पेट्रोलची टाकीही वेगळी, बारा लिटरची. मुख्य टाकीत पाणी शिरलं तर दोन्ही इंजिनं एकदम बंद पडायला नकोत. पंचेचाळीस किलो एका कोपऱ्यात लटकतात म्हणून बोट डावीकडे झुकते. बॅटरी उजवीकडे हलवली, तरी थोडी झुकतेच.

गेल्या दोन हंगामांत एकदाही लागलं नाही. महिन्यातून दहा मिनिटं चालवतो, एवढंच. मेहुणा म्हणतो, विका, किंमत चांगली येईल. विकायचं म्हणून फोटोही काढले होते. अजून मोबाइलमध्येच आहेत.