देवघरातली तसबीर आणि भिंतीवरची तसबीर

छापील देवांचा विषय निघाला की चर्चा राजा रविवर्मा यांच्यापासून सुरू होते. त्यांचा छापखाना मुंबईत 1894 साली निघाला. पण त्याआधी सोळा वर्षे, 1878 मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा सुरू केली होती आणि तिथले रंगीत रामपंचायतन मराठी घरांत पोहोचले होते. त्याच वर्षी कलकत्त्यातही अन्नदाप्रसाद बागची व त्यांच्या विद्यार्थ्यांनी कलकत्ता आर्ट स्टुडिओ काढून देवदेवतांची चित्रे छापायला आरंभ केला होता.

हे काम शिळाछापाचे होते. गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने उलटे चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि रूळ फिरवायचा. पाणी ओल्या भागावर शाई बसू देत नाही, तेलकट रेघ मात्र ती धरते. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे आणि तोच कागद एकामागून एक साऱ्या दगडांवर अचूक बसवावा लागे. तो केसभर सरकला, तर देवीच्या ओठांची लाली हनुवटीवर उतरे.

मला मात्र तंत्राहून रचनेचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. रामपंचायतनात राम-सीता समोर बसलेले, भाऊ बाजूला उभे, मारुती पायाशी: सगळी मांडणी पाहणाऱ्याच्या दर्शनासाठी. रविवर्म्यांच्या लक्ष्मीमागे पाणी आहे, हत्ती आहे, युरोपीय पद्धतीने दाखवलेले जवळ-दूरचे अंतर आणि छायाप्रकाश आहे; तरीही कमळावर उभी असलेली लक्ष्मी थेट आपल्याकडेच पाहते, आणि म्हणूनच ती देवघरात बसू शकली. त्यांची शकुंतला किंवा हंसाशी बोलणारी दमयंती आपल्याच कथेत गुंतलेली असते; त्या तसबिरी दिवाणखान्यात लागल्या, त्यांना कुणी हळदकुंकू वाहिले नाही. नव्या शैलीने देव बदलले, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा फरक पाहिलेला नसतो.

रविवर्म्यांचा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रित्स श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. छापून बाहेर पडलेले चित्रही तिथेच पूर्ण होत नसे. अनेक प्रतींवर देवीच्या साडीला खरे कापड, जर आणि टिकल्या चिकटवलेल्या आढळतात. एकसारख्या छापलेल्या हजारो प्रतींतली एखादी अशी सजली की ती त्या घरची लक्ष्मी होई, आणि कलासमीक्षक जिला चित्राची नासाडी म्हणतील, ती भक्ताच्या लेखी पूजाच होती.