डाव्या कानाची बाजू

ज्या मैत्रिणीच्या आग्रहाखातर मी त्या पार्टीला गेले, तिलाच यायला तासभर उशीर होणार असल्याचा निरोप मला दारात उभी असताना मिळाला. परत फिरावे असे मनात आले. पण तोवर यजमानांनी दार उघडले होते आणि माझे स्वागत करून ते दुसऱ्या पाहुण्यांकडे वळलेही होते. आत पन्नासएक माणसे असतील, त्यांतला एकही चेहरा ओळखीचा नव्हता. अशा वेळी सगळे जे करतात तेच मी केले. फोन काढून वाचलेलेच निरोप पुन्हा वाचले आणि मग पुस्तकांच्या कपाटापाशी जाऊन, मोठा रस असल्यासारखी, एकेक नाव वाचू लागले.

जवळच साठीचे एक गृहस्थ उभे होते. धीर करून मी त्यांच्या उजव्या बाजूला गेले आणि यजमानांची व त्यांची ओळख कुठली, असे विचारले. त्यांनी मान वळवली नाही की उत्तर दिले नाही. हा माणूस शिष्ट आहे, असा निकाल मी मनातल्या मनात देऊनही टाकला. थोड्या वेळाने त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले, माझ्या पडलेल्या चेहऱ्यावरून काय घडले असावे ते त्यांनी ताडले आणि ओशाळून म्हणाले, "आपण काही बोललात का? या कानाने मला अजिबात ऐकू येत नाही. जरा डावीकडे येता का?"

मला हसू फुटले, आणि ते का फुटले हे सांगणे भागच होते. माझ्या वडिलांनाही एकाच कानाने ऐकू येत असे, मात्र त्यांचा डावा कान निकामी होता. त्यामुळे लहानपणापासून चालताना, जेवायला बसताना मी कायम त्यांच्या उजव्या हाताला असे आणि ती सवय इतकी मुरली आहे की परक्या माणसाच्याही मी नकळत उजवीकडेच जाते. गृहस्थांनी लगेच विचारले, "मग गर्दीत ते बसत कुठे?" वडिलांविषयी हा प्रश्न मला आजवर कोणीही विचारला नव्हता. ते कोपऱ्यातली खुर्ची पकडत, बहिरा कान भिंतीकडे करून, असे मी सांगितले. "मीही तेच करतो," ते म्हणाले, "पण आज ती खुर्ची कोणीतरी माझ्याआधी पटकावली आहे."

दोन्ही कानांपर्यंत आवाज पोहोचण्यातल्या सूक्ष्म फरकावरून मेंदू कोणता आवाज कुठून आला हे ओळखतो आणि गलक्यातून हवे ते बोलणे वेगळे काढतो. एकाच कानावर भिस्त असली की सगळ्याचा मिळून एकच कल्ला होतो. त्यात आणखी एक भर पडते. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे एतियेन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी 1911 मध्ये नोंदवले होते. एकाने चढवला की शेजारचाही चढवतो, आणि तासाभरात सगळी खोली विनाकारण ओरडत असते.

आमचे हे बोलणे चालू असताना मागे उभी असलेली एक तरुणी, क्षमा मागून, मध्ये पडली. ती नाटकांची प्रकाशयोजना करत होती. ऐकू कमी येणारी माणसे समोरच्याच्या ओठांकडे पाहतात, मग आपण दोघे दिव्याकडे पाठ करून का उभे आहात, असे तिने मला सरळ विचारले. उत्तराची वाट न पाहता तिने कोपऱ्यातला उंच दिवा दोन हात पुढे ओढला आणि त्याची टोपी वळवून उजेड माझ्या चेहऱ्यावर पाडला. मला डोळे किलकिले करावे लागले, पण त्यानंतर गृहस्थांनी एकदाही "काय म्हणालात?" असे विचारले नाही.

पुढे आणखी दोघे येऊन मिळाले आणि पाचव्या माणसाबरोबर आमच्या गप्पा दुभंगल्या. एका संभाषणात चारांहून अधिक माणसे फार वेळ टिकत नाहीत, हे मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांचे निरीक्षण मी वाचले होते. ते असे डोळ्यांदेखत घडताना पाहून मला गंमत वाटली. तेवढ्यात खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून माझे नाव कानावर आले. मैत्रीण आली होती. तोवर त्या बाजूचा एक शब्दही मला कळला नव्हता, पण लक्ष दुसरीकडे असतानाही आपले नाव कधीकधी असे नेमके टिपले जाते. 1959 मधल्या मानसशास्त्रज्ञ नेव्हिल मोरे यांच्या प्रयोगात सुमारे एक तृतीयांश लोकांना ते ऐकू आले होते.

घरी परतताना मात्र मला उगाचच खंत लागली. आपण वडिलांविषयी फार बोललो, त्या गृहस्थांना कंटाळा आला असणार, असे वाटत राहिले. पहिल्या भेटीनंतर आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज माणसे प्रत्यक्षापेक्षा कमीच करतात, असे मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये दाखवून दिले आहे; पण ते ठाऊक असून खंत काही कमी होत नाही.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीचा फोन आला. त्या गृहस्थांनी यजमानांमार्फत तिच्याकडे चौकशी केली होती. माझे नाव विचारायचे त्यांच्याकडून राहूनच गेले होते, म्हणून निरोप असा होता : "माझ्या चुकीच्या कानाशी बोलायला आलेल्या बाईंचा नंबर मिळेल का?"