साक्याच्या मागे: तीन शनिवार, तीन मुशी

सल्फेट तोलून मोजायचा नाद लागून तीन आठवडे झाले. ज्या प्रयोगशाळेत शनिवारी मला एक कोपरा मिळतो, तिथे ग्रॅमच्या दशांशचिन्हानंतरचे चार आकडे दाखवणारा तराजू आहे. तो हाती आला की अर्धी लढाई जिंकली, असं मी धरून चाललो होतो. तीन मुशी (भाजायची छोटी भांडी) झाल्यावर कबूल करतो, तराजूने एकदाही दगा दिला नाही. जे काही बिघडलं ते मूस त्याच्यावर चढायच्या आधीच.

पद्धत जुनी आहे. शुद्ध पोटॅशियम सल्फेट पाण्यात विरघळवायचं, बेरियम क्लोराईड घालून सगळं सल्फेट बेरियम सल्फेटच्या रूपात खाली बसवायचं, तो साका गाळायचा, धुवायचा, भाजायचा आणि तोलायचा. साक्याच्या वजनाला ०.४११६ ने गुणलं की सल्फेटचं वजन मिळतं. उत्तर आधीच ठाऊक असलेला क्षार मुद्दामच घेतला: त्यात सल्फेट ५५.१२ टक्के यायलाच हवं. स्वतःला फसवायला जागा नको.

पहिला शनिवार. नमुना ०.४०१२ ग्रॅम. थंड द्रावणात दाट बेरियम क्लोराईड एकदम ओतलं. बीकर दुधासारखं पांढरं झालं आणि मी खूश. ती खुशी नरसाळ्याखाली संपली, कारण गाळून आलेलं पाणीही गढूळच होतं. पुन्हा गाळलं, पुन्हा गढूळ. हिशेब लागला ५२.३४ टक्के, म्हणजे सुमारे २७ मिलिग्रॅम साका कागदाच्या छिद्रांतून निसटला होता.

कारण पुस्तकात वाचलं होतं, पण हात पोळल्याशिवाय ते डोक्यात शिरलं नाही. द्रावण जितकं जास्त अतिसंपृक्त (म्हणजे मावेल त्याहून जास्त विरघळलेलं), तितके जास्त कण एकाच वेळी जन्माला येतात, आणि मग वाढायला कुणाच्याच वाट्याला माल उरत नाही. रशियन रसायनशास्त्रज्ञ फॉन वाईमार्नने हेच सापेक्ष अतिसंपृक्ततेच्या सूत्रात बसवलं. उपायही त्यातच आहे: द्रावण पातळ आणि गरम ठेवा, थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घाला, आणि बेरियम थेंबाथेंबाने सोडत काचकांडीने ढवळत राहा. आम्लामुळे साक्याची विद्राव्यता किंचित वाढते आणि स्फटिक मोठे होतात. शिवाय कार्बोनेटची लुडबूड होत नाही.

दुसऱ्या शनिवारी (०.३९८८ ग्रॅम) हे सगळं नीट केलं. वरची निवळी स्वच्छ झाल्यावर तिच्यात बेरियमचा आणखी एक थेंब टाकून पाहिला, ढग उठला नाही, म्हणजे सल्फेट संपलं. मग बीकर झाकून रात्रभर तसंच ठेवलं. या मुरवण्यात बारीक कण विरघळतात आणि मोठ्यांवर जाऊन बसतात. सकाळी साका तळाशी रवाळ बसला होता. राखरहित कागदातून गाळलेलं पाणी इतकं स्वच्छ आलं की मी ते उजेडात धरून बराच वेळ बघत बसलो. धुण्याच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून पांढरं येईनासं होईपर्यंत, म्हणजे क्लोराईड निघून जाईपर्यंत धुतलं, तेही थोड्या थोड्या पाण्याने.

आणि मग घाई नडली. कागद मुशीत हळूहळू, ज्योत न पकडता कोळसवायचा आणि भरपूर हवेत जाळायचा असतो. मी बर्नर मोठा केला. कागदाच्या कार्बनने थोड्या सल्फेटचं सल्फाइड करून टाकलं, आणि सल्फाइड हलकं असतं. आकडा आला ५४.१७. साक्यावर राखाडी झाक होती. थंड मुशीत गाढ सल्फ्युरिक आम्लाचा एक थेंब टाकून, फ्यूम हुडमध्ये (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात) हलक्या आचेवर आम्ल उडवून पुन्हा भाजलं, तेव्हा साका पांढराशुभ्र झाला आणि आकडा ५४.८९ वर चढला. चूक केल्यावर ती दुरुस्त करता येते, हे या पद्धतीतलं दुर्मीळ औदार्य.

तिसऱ्या शनिवारचा बहुतेक वेळ रिकाम्या मुशीने खाल्ला. भाजा, डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा, तोला, पुन्हा भाजा: १८.४४२६, १८.४४१९, १८.४४१८. दोन वजनांत ०.३ मिलिग्रॅमहून जास्त फरक नको, हा माझा नियम. एकदा उतावीळपणे कोमट मूस ठेवली तर आकडा कमी दिसला आणि हळूहळू वर सरकत राहिला. गरम मुशीभोवतालची हवा वर चढते आणि पारड्याला उचलते. चिमट्याऐवजी बोटं लावली तर उलट होतं, बोटांचा घाम तराजूला दिसतो.

शेवटी मूस साक्यासह १८.९७६९. साका ०.५३५१, नमुना ०.४००५, उत्तर ५४.९९.

अजूनही कमी! पण हे कमीपण मला शोभेलसं वाटतं. बेरियम हळूहळू घालताना द्रावणात शेवटपर्यंत सल्फेट जास्त असतं, आणि वाढणाऱ्या स्फटिकांत थोडं पोटॅशियम सल्फेट अडकून राहतं. तेवढ्याच सल्फेटसाठी ते बेरियम सल्फेटपेक्षा हलकं, म्हणून वजन खाली येतं. उलट क्रमाने, म्हणजे सल्फेट बेरियममध्ये ओतलं असतं, तर बेरियम क्लोराईड अडकून आकडा वर गेला असता. धुऊन यातलं काही जात नाही, ते आतच असतं.

एक आठवण करून देतो: बेरियम क्लोराईड विषारी आहे, हातमोजे घाला आणि गाळलेलं पाणी वेगळ्या बाटलीत जमवा. बेरियम सल्फेट मात्र क्ष-किरण तपासणीसाठी रुग्णाला पाजतात, कारण ते जवळपास विरघळतच नाही.

या कामाचा खरा उस्ताद अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ थिओडोर रिचर्ड्स. त्याने अशाच तोलण्यातून सुमारे पंचवीस मूलद्रव्यांचे अणुभार काढले आणि १९१४ चं नोबेल मिळवलं. किरणोत्सारी खनिजांतलं शिसं साध्या शिशापेक्षा हलकं असतं हेही त्याने तोलूनच दाखवलं. समस्थानिकांचा, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचा पुरावा, तोही तराजूतून! माझी ०.१३ टक्क्यांची तूट त्याने हसून बाजूला सारली असती, की बीकर पुन्हा धुवायला सांगितलं असतं, कोण जाणे. मला दुसरंच जास्त शक्य वाटतं.

पुढच्या शनिवारी निकेल. डायमिथिलग्लायॉक्झिम नावाच्या सेंद्रिय रसायनाने गडद तांबडा, फुललेला साका येतो. तो जाळायचा नसतो, सच्छिद्र तळाच्या काचेच्या मुशीत गाळून ११० ते १२० अंशांवर वाळवला की पुरे. कागदच नाही, म्हणून बर्नरही नाही. काचेच्या दोन मुशी भिजत घातल्या आहेत.