आमची वाटचाल: गोल फोटोचा नाद

ज्या गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ साली सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला, त्याच कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीत वडिलांनी फोटो स्टुडिओ थाटला. पासपोर्ट फोटो, बारशी, लग्नं यावर घर चाललं. माझ्या हातात कारभार आला तो मोबाईलच्या जमान्यात. इतरांकडे नाही असं काहीतरी हवं होतं, आणि मला सर्क्युलर फिशआय लेन्सनं वेड लावलं.

फिशआय म्हटलं की लोकांना वाकड्या रेषांचा, चौकट भरून आलेला फोटो आठवतो. आमचा वेगळा: काळ्या चौकटीत मधोमध पूर्ण गोल आणि त्यात १८० अंशांतलं सगळं. ८ मिमी फोकल लेंथच्या फिशआयचा गोल कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या भागावर, साधारण २३ मिमी व्यासाचा पडतो. मोठ्या, म्हणजे फुल फ्रेम सेन्सरची उंची २४ मिमी, त्यात तो मावतो. लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरची उंची १५-१६ मिमी, तिथं गोल वर-खाली कापला जातो. आमचे कॅमेरे क्रॉपचेच होते, म्हणून जुन्या बाजारातून फुल फ्रेम बॉडी आणि सिग्माची ८ मिमी लेन्स घेतली. वडील एवढंच म्हणाले, "घे, पण हप्ता लग्नसराईतूनच फिटला पाहिजे."

ॲपमध्ये गोल होतोच की, असं गिऱ्हाईक म्हणतं. साधा फोटो गोल कापला तर आकार मिळेल, पण जे कॅमेऱ्यानं पाहिलंच नाही ते कुठून येणार?

आमच्या कामाला ओळख दिली ती खासबाग मैदानानं. शाहू महाराजांचं हे कुस्तीचं मैदान मुळातच गोल. हौद्यात मधोमध, लाल मातीलगत कॅमेरा आभाळाकडे तोंड करून ठेवला की कडेनं प्रेक्षकांचं कडं आणि मधे आभाळ. मी लेन्सच्या पातळीखाली आडवा होतो, नाहीतर डोकं फोटोत येतं. तो फोटो बघून मंडळांची, हॉलवाल्यांची कामं यायला लागली.

खरा कस लागतो खिद्रापूरला. तिथल्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाचं छत मधे गोल उघडं आहे. परवानगी काढून, त्याच्या बरोबर खाली गोल शिळेच्या मध्यावर कॅमेरा ठेवायचा, लेव्हल बघायची. कॅमेरा जरा सरकला की उघडीप एका बाजूला कलंडते. बरोबर बसला तर गोलात गोल आणि सगळे खांब मध्याकडे धावतात. आभाळ लख्ख, खांब काळे, म्हणून कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो घेऊन जोडतो. एक फोटो स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर लावलाय, तो वडिलांनी स्वतः फ्रेम केला.

आता ही लेन्स आम्ही भाड्यानंही देतो, फक्त जोतिबाच्या यात्रेला नाही. पुढची काच फुगीर, तिच्यापुढे फिल्टर बसत नाही, आणि गुलाल थेट काचेवर बसतो.