हॉलो नाइट, नोंद ६ : मँटिस लॉर्ड्स, ४३ वी खेप

मागच्या नोंदीत हॉलो नाइट या व्हिडिओ गेममधल्या फंगल वेस्ट्स या भागापर्यंत पोचलो होतो. त्यानंतर सोळा रात्री मँटिस लॉर्ड्स या तीन किडा-योद्ध्यांशी एकाच लढाईत गेल्या. काल ती जिंकली. कशी जिंकली यापेक्षा, बेचाळीस वेळा हरूनही रोज जेवण झाल्यावर हात आपोआप कंट्रोलरकडे का जात होता, हे मला लिहायचं आहे.

नव्यानं खेळणाऱ्यांसाठी आधी थोडं. पहिली मँटिस एकटी उतरते. ती हरली की उरलेल्या दोघी एकदम अंगावर येतात. वार तीनच. जमिनीलगत सरळ झेप, वरून खाली सूर, आणि भिंतीला चिकटून फेकलेलं, वळून परत येणारं पातं. माझ्याकडे पाच मास्क, म्हणजे पाच जीव, एक वार लागला की एक गेला. गेलेला मास्क भरायचा तर ३३ सोल (वार करून साठणारी शक्ती) लागतात आणि आपला एक वार लागला की ११ मिळतात. म्हणजे तीन वार बसवायचे, शिवाय सेकंदभर एका जागी उभं राहायला सवड काढायची. ती सवड काढणं हीच खरी लढाई.

पुतण्या नववीत आहे. शेजारी वही घेऊन बसायचा आणि प्रत्येक हारीला एक रेघ ओढायचा. सातव्या-आठव्या खेपेला त्याला म्हटलं, नुसती रेघ नको, कारण लिही. झेपेला 'झ', सुराला 'सू', पात्याला 'प'. दोन दिवसांनी त्यानं स्वतःहून चौथं अक्षर काढलं, 'हा', म्हणजे हावरेपणा. एक वार मारून बाजूला व्हायचं सोडून मी दुसरा मारायला थांबतो, त्यासाठी. शेवटी मोजलं तर ४२ पैकी १९ वेळा 'हा'. पहिल्या पानावर सगळे 'झ', तिसऱ्या पानावर 'झ' एकही नाही. ते पान मी पुन्हा पुन्हा बघितलं. आपण शिकलो याचा इतका स्वच्छ पुरावा रोजच्या कामात हाती लागत नाही.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर असतो. जॉब रिजेक्ट होऊन परत येतो तो चार दिवसांनी. टूल झिजलं होतं, कास्टिंगमध्येच ब्लोहोल (आतली पोकळी) होता, की माझं सेटिंग चुकलं, हे ठरेपर्यंत त्या दिवशी हातानं नेमकं काय केलं ते आठवतही नसतं. इथं चूक आणि तिचं फळ यांत अर्धा सेकंद. वार करण्याआधी प्रत्येक मँटिसची बैठक बदलते. ती दिसली नाही तर दोष माझा, आणि पुढच्याच मिनिटाला सुधारायची संधीही माझी. म्हणून हरण्याचा राग येत नाही. उत्सुकता वाढते.

एकतिसाव्या खेपेला दोघींपैकी एक पडली होती, दुसरी पडायच्या बेतात होती, आणि लाईट गेली. येळ्ळूरला पावसाळ्यात हे नवं नाही. पण ती रेघ वहीत घालायची का, यावरून आमचा वाद झाला. पुतण्या म्हणाला, "काका, ती तुझी चूक नव्हे की! मोजायची नाही." मोजली नाही. हरण्यात गंमत कुठवर असते, ते त्याला बरोबर कळलं होतं.

२००६ साली रायन, रिग्बी आणि प्शिबिल्स्की या मानसशास्त्रज्ञांनी गेम का आवडतात याचा अभ्यास मांडला. आपल्याला काहीतरी जमतंय ही जाणीव, आपल्या मर्जीनं करतोय ही मोकळीक, आणि ऑनलाइन एकत्र खेळणाऱ्यांत माणसांशी जुळलेपण, अशा तीन गरजा त्यांनी दाखवल्या. पहिल्या दोन मला तंतोतंत पटतात. तिसरीबद्दल एवढंच म्हणेन की एकट्यानं खेळायच्या गेमलाही शेजारी माणूस लागतो. एका रात्री पुतण्या वहीतून मान वर काढून म्हणाला, "काका, तू लई लवकर उडी मारालास. ती वर गेली की थांब जरा." सूर चुकवायला मी तिथून शिकलो.

काल दोघी उतरल्या तेव्हा ठरवलं होतं, एक वार आणि बाजूला. शेवटी एकच मास्क उरला होता, सोल भरलेला होता, पण मास्क भरायला थांबलो नाही. सूर आला, सरकलो, एक वार. संपलं. तिघी आपापल्या आसनावर गेल्या आणि त्यांनी मान लववली. आनंदवाडीच्या आखाड्यात निकाल लागल्यावर पैलवान एकमेकांना मिठी मारतात, ती आठवण झाली. परत मँटिसांच्या गावातून जाताना, आधी अंगावर धावून येणारे मँटिसही वाकून उभे होते. पुतण्या काही बोलला नाही. वहीत ४३ समोर त्यानं गोल काढला.

खजिन्याच्या खोलीत मार्क ऑफ प्राइड हा ताईत मिळाला. त्यानं खिळ्याचा, म्हणजे आपल्या तलवारीचा, पल्ला पंचवीस टक्क्यांनी वाढतो, पण मी तो अजून लावलेला नाही. आधी जुन्याच पल्ल्यानं सोल मास्टर हा पुढचा शत्रू बघणार. वहीत नवं पान काढून ठेवलंय, अक्षरं ठरायची आहेत.